अपृष्टमतमीमांसा : शॉमबर्ग क्षेत्रातील न्याहाळकविषयक मतांचे शास्त्र

प्रकरण पहिले : अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार अनुबंधांचा निर्देश करावा, अशी आपल्याकडील ग्रंथकारांची शिस्त आहे. प्रस्तुत शास्त्राचा विषय मत हा होय. संगणकप्रेमी मराठी गृहस्थ मुक्तस्रोत प्रणाली, न्याहाळक म्हणजे लोकव्यवहारातील ब्राउझर, आणि आंतरजालावरील जाहिराती या तीन पदार्थांविषयी जे मत धारण करतो व नुसते धारण करून थांबत नाही, ते येथे अभिप्रेत आहे. प्रयोजन असे की, या मतांचे वर्गीकरण आजवर कोणी केलेले नाही. ज्याच्या तळघरात राउटर आहे आणि ज्याला त्याचा परवलीचा शब्द पाठ आहे, तो या शास्त्राचा अधिकारी. संबंध प्रतिपाद्य-प्रतिपादकाचा असून तो एकतर्फी असतो, हे पुढे यथास्थान सिद्ध होईल.

प्रकरण दुसरे : क्षेत्रनिर्णय

शिकागोच्या वायव्येस वसलेले शॉमबर्ग कायद्याने आजही गाव आहे. १९५६ साली त्याची ग्राम म्हणून नोंद झाली. १९७१ साली तेथे वुडफील्ड हा अवाढव्य मॉल उघडला. लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास गेली. ग्रामत्व ढळले नाही. गावाच्या नामकरणाची कथा आपल्या विषयाच्या फार जवळ जाते. १८५० साली जर्मन शेतकऱ्यांच्या सभेत नावावरून वाद चालला असता नेर्गे नामक गृहस्थाने मेजावर मूठ आपटून 'शॉमबर्ग' हे नाव जाहीर केले आणि चर्चा संपली, असे स्थानिक इतिहास सांगतो. नैयायिकांच्या प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द या चार प्रमाणांत मुष्टिप्रमाणाचा समावेश नाही. शॉमबर्गपुरते ते पाचवे प्रमाण मानावे लागते. पॉटलकच्या रात्री त्याचा प्रयोग कागदी ताटल्यांच्या सान्निध्यात होतो आणि कोशिंबीर सांडते.

येथे पूर्वपक्षी विचारतो : संगणकविषयक मतांचे शास्त्र लिहायचे, तर कॅलिफोर्नियाचे खोरे सोडून मक्याच्या प्रदेशात कशाला यावे? समाधान असे. खोऱ्यातील मत सवेतन असते. ज्या मताबद्दल पगार मिळतो ते कर्म होय, त्याचा विचार श्रमशास्त्राने करावा. शॉमबर्गमधील मतधारक दिवसा विम्याच्या दाव्यांची जुनी प्रणाली सांभाळतो आणि मत संध्याकाळी, विनावेतन, बहुधा उभ्याने मांडतो. निष्काम मत अभ्यासायचे तर येथेच.

शिवाय लोकप्रिय न्याहाळकाची कुलभूमी हेच इलिनॉय राज्य. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी मोझेइक रचला आणि १९९३ साली तो जगापुढे आला. त्याचा परवाना स्पायग्लास या कंपनीकडे होता. ही कंपनी शॉमबर्गच्या दक्षिणेस, मराठी मंडळींची तितकीच दाट वस्ती असलेल्या नेपरव्हिल येथे होती. तिच्याकडून मायक्रोसॉफ्टने परवाना घेतला आणि त्यातून इंटरनेट एक्स्प्लोरर उपजला. करारात उत्पन्नाचा अंश ठरलेला होता. मायक्रोसॉफ्टने न्याहाळक विंडोजबरोबर फुकट वाटला, त्यामुळे अंश कशाचा काढावा हा प्रश्न उत्पन्न झाला. १९९७ साली ८० लाख डॉलर देऊन तो मिटवण्यात आला. शून्याचा अंश शून्य असतो हे भास्कराचार्यांच्या प्रांतातून आलेल्या माणसास सांगण्याची आवश्यकता नाही, तरीही शॉमबर्गमध्ये ते सांगितले जाते.

गावाचा आणखी एक अधिकार नोंदवला पाहिजे. मोटोरोलाचे मुख्यालय येथे असताना, १९८६ साली, त्या कंपनीत सिक्स सिग्मा ही गुणनियंत्रणाची पद्धत सिद्ध झाली : दहा लाख संधींमागे ३.४ दोष, त्याहून अधिक नाहीत. मोटोरोला सोल्यूशन्सचे मुख्यालय २०१६ साली शिकागोस गेले. येथील मतधारकांच्या मतांतील दोषांचे प्रमाण, त्यांच्या स्वतःच्या गणनेनुसार, या मर्यादेच्या आत आहे.

प्रकरण तिसरे : लक्षण

आता मताचे लक्षण सांगतो.

अपृष्टं परयंत्रस्थमनिवर्ति मतं स्मृतम्।

'अपृष्ट' म्हणजे न विचारलेले. 'परयंत्रस्थ' म्हणजे दुसऱ्याच्या यंत्राच्या ठायी असलेले; स्वतःच्या लॅपटॉपविषयी मनात असते ते मत नसून सवय होय. 'अनिवर्ति' म्हणजे परत न फिरणारे. पुरावा समोर आला असता मत थांबते, चहा घेते आणि पुढे जाते.

या लक्षणावर अव्याप्तीचा आक्षेप घेतला जातो. "मुलीला कॉलेजसाठी कुठला लॅपटॉप घेऊ?" असे यजमान स्वतः विचारतात, तेव्हा उत्तरास अपृष्टत्व कसे लाभावे? आक्षेप वरवरचा आहे. प्रश्न लॅपटॉपचा असतो. उत्तर सुरुवातीच्या दोन वाक्यांनंतर अल्पसंख्य न्याहाळकांच्या भवितव्याकडे वळते. विचारलेला भाग वजा जाता जे उरते ते सर्व अपृष्ट, आणि तो शेषच मुख्य होय. मुलगी पुढे मॅकबुक घेते. याने लक्षणास बाध येत नाही.

अतिव्याप्तीचा आक्षेप सासूबाईंच्या स्वयंपाकविषयक मतांच्या आधारे घेतला जातो. तीही अपृष्ट, परस्थ व अनिवर्ती असतात. 'यंत्र' या पदात प्रेशर कुकरचा अंतर्भाव होतो की नाही, यावर निर्णय राखून ठेवला आहे.

प्रकरण चौथे : संप्रदाय

वर्गांची गणना एकपासून करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मानस होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी सांगितलेली सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्ये शून्य ते तीन अशी मोजली जातात, हे एका आचार्यांनी अपृष्टपणे लक्षात आणून दिल्याने गणना शून्यापासून केली आहे.

शून्य. शुद्धमुक्त. हे १९८३ साली घोषित झालेल्या ग्नू प्रकल्पास आदिपीठ मानतात. नुसते 'लिनक्स' म्हटले असता ते वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत, कारण लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली दिला तो केवळ गाभा. या संप्रदायाचे बाह्य चिन्ह म्हणजे निळी तार. वायफाय-चिपचा चालक मुक्तस्रोत नसल्याने तो बसवणे निषिद्ध आहे. त्यामुळे तळघरातील राउटरपासून जिन्यावरून वरच्या मजल्यापर्यंत निळी केबल जाते, आणि हळदीकुंकवास आलेल्या स्त्रिया ती ओलांडून चालतात. घरातील माणसांस ती आता दिसत नाही, असे आढळले.

एक. विशिष्टमुक्त. 'ओपन सोर्स' ही संज्ञा १९९८ साली प्रचारात आली, तेव्हापासून हा संप्रदाय शून्य वर्गापासून वेगळा बसतो. स्वातंत्र्य हे यास मूल्य वाटत नाही असे नाही. परंतु उत्तम रचना हे अधिक मोठे मूल्य वाटते आणि ते ॲपलच्या यंत्रात आढळते. विरोध दाखवून दिल्यास "अरे, आत युनिक्सच आहे" हे महावाक्य उच्चारले जाते. ते खरेही आहे, म्हणून वाद तेथे संपत नाही.

दोन. द्वैती. कार्यालयाचा लॅपटॉप व घरचा लॅपटॉप यांत नित्य भेद मानणारे. कार्यालयीन यंत्रावर कंपनीने दिलेला एज, घरी फायरफॉक्स. घरून काम करण्याची प्रथा पडल्यापासून दोन्ही यंत्रे एकाच जेवणाच्या टेबलावर आली आणि भेदाची सीमा आता मिठाच्या डबीने दाखवली जाते.

तीन. अद्वैती. हा संप्रदाय सर्वांत तरुण आणि, प्रस्तुत लेखकाच्या नम्र अभिप्रायाने, सर्वांत थकवणारा आहे. याच्या मते न्याहाळक एकच आहे आणि तो क्रोमियम. ऑपेराने २०१३ साली स्वतःचे यंत्र टाकून तोच गाभा घेतला. मायक्रोसॉफ्टनेही २०२० च्या जानेवारीत नवा एज त्याच गाभ्यावर आणला. ब्रेव्ह, व्हिवाल्डी इत्यादी केवळ नामरूपे. फायरफॉक्सचा गेको आणि सफारीचा वेबकिट वेगळे आहेत, असे द्वैतवाद्याने म्हणताच अद्वैती खिशातील आयफोन काढतो. त्यात क्रोम असतो, फायरफॉक्सही असतो. परंतु ॲपलच्या नियमानुसार या यंत्रावर दोघांच्याही आत वेबकिटच असतो. युरोपीय संघाने २०२४ पासून मोकळीक मिळवली, पण शॉमबर्ग युरोपीय संघात नाही. एका यंत्रात सर्व क्रोमियम, दुसऱ्यात सर्व वेबकिट. तेव्हा ब्रह्मे दोन झाली, ही शंका श्रोत्यांपैकी अद्याप कोणी घेतलेली नाही. तोवर मंडळी बूट शोधत असतात.

"उघडतंय ना? मग झालं," असे म्हणणारा एक विपुल समुदाय उरतो. तो संप्रदाय नव्हे. त्यास पात्र म्हणावे, कारण मत त्याच्यात ओतले जाते.

प्रकरण पाचवे : गोत्रप्रवर

संकेतस्थळाच्या दारी जाताच न्याहाळकाने आपली ओळख सांगावी, असा नियम आहे. क्रोमने दिलेली ओळख ऐकावी : मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी. संध्येत बटूने गोत्र आणि प्रवर म्हणावे त्या निष्ठेने तो हे प्रत्येक दारी म्हणतो. यातील प्रत्येक पूर्वजाचे कारण सांगता येते. मोझिला हे नेटस्केपचे अंतर्गत नाव. नव्वदीच्या दशकात काही स्थळे चांगले पान नेटस्केपलाच वाढीत, म्हणून एक्स्प्लोररही स्वतःस मोझिला म्हणवू लागला. केएचटीएमएल हा केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाचा गाभा. तो दत्तक घेऊन ॲपलने २००३ साली सफारी आणला. सफारीच्या वेबकिटवर २००८ साली क्रोम उभा राहिला आणि २०१३ साली त्याने ब्लिंक नावाने वेगळी चूल मांडली. वेगळे निघाल्यावरही प्रवरात कोणाचे नाव गाळलेले नाही. एज तर या सर्वांच्या शेवटी स्वतःचे नाव लावून यच्चयावत पूर्वजांना घेऊन येतो.

गोत्राचा हा विषय निघाला की शुद्धमुक्त गृहस्थ ३१ मार्च १९९८ या तिथीचा उल्लेख करतो. त्या दिवशी नेटस्केपने आपला स्रोत जगास खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडून, शोधपेटीत त्यास अग्रस्थान दिल्याबद्दल येतो, आणि गूगलचे उत्पन्न जाहिरातींतून. जाहिरातविरोधाचा दुर्ग जाहिरातीच्या द्रव्यावर उभा आहे, हे पूर्वपक्षी मोठ्या आनंदाने मांडतो. सिद्धांती म्हणतो, "म्हणूनच देणगी द्या." त्यानंतर श्रीखंड वाढले जाते.

प्रकरण सहावे : जाहिरात-पदार्थ

जाहिरात हा पदार्थ आंतरजालावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी स्थिर पट्टीच्या रूपाने दृग्गोचर झाला. त्या दिवशी हॉटवायर्ड या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची पट्टी लागली. हे स्थावर रूप. पुढे ट्रायपॉड या स्थळावर काम करणाऱ्या ईथन झकरमन यांनी उत्प्लुत रूप, म्हणजे टुणकन वर येणारी स्वतंत्र खिडकी, निर्माण केले. एका मोटार कंपनीस आपली जाहिरात अश्लील पानावर दिसल्याचे दुःख झाले होते; जाहिरात पानापासून वेगळी ठेवावी, इतकाच शुद्ध हेतू त्यामागे होता. २०१४ साली त्यांनी जाहीर क्षमा मागितली. अनुगामी रूप, जे पाहिलेल्या जोड्याच्या चित्रासह माणसाच्या मागे हिंडते, आणि सस्वर रूप, जे रात्री झोपलेल्या मुलाजवळ बोलू लागते, ही सर्वांच्या अनुभवाची आहेत. त्यांवर वेळ दवडत नाही.

स्थानिक रूप मात्र परदेशस्थ वाचकापुरते विशेष आहे. शॉमबर्गमध्ये बसून पुण्या-मुंबईचे वृत्तपत्र उघडले असता बातमी तिकडची आणि जाहिरात इकडची असते. ज्येष्ठ गायकाच्या निधनाच्या वार्तेत, दुसऱ्या व तिसऱ्या परिच्छेदांच्या मधोमध, छपराच्या पन्हळीतील पाने काढून देणारा हसतमुख इसम उभा असतो. ऑक्टोबरात पन्हळी खरोखरच तुंबलेल्या असतात, त्यामुळे शोक आणि कर्तव्य यांचा संकर होतो. काव्यशास्त्रात या रसाभासास नाव नाही.

आता फुलीचा विचार. जाहिरात मिटवण्यासाठी तिच्या कोपऱ्यात जी सूक्ष्म आकृती असते तिला फुली म्हणावे. जाहिरातशास्त्रात हिच्याइतकी उपेक्षा कोणाचीही झालेली नाही, म्हणून विस्तार करतो. प्रत्यक्ष फुली दिसते आणि दाबता येते. ती दुर्मिळ होय. विलंबित फुली काही क्षणांनी प्रकट होते, तोवर त्या जागी उतरते आकडे असतात आणि पाहणाऱ्याचे चित्त, योगसूत्रकारांस अपेक्षित असलेल्या एकाग्रतेने, त्यांवर स्थिर होते. अणुफुली अंगठ्याच्या अग्राहून लहान असते; ती दाबण्याचा प्रत्येक यत्न जाहिरातीवरच पडतो व दुकान उघडते. चलफुली पान स्थिरावताना खाली सरकते. मायिक फुली हे फुलीचे चित्र असून ती जाहिरातीचाच अंश आहे. तिला दाबणे म्हणजे जाहिरातीस होकार देणे. या पाचांत अणु व मायिक यांचा भेद दाबण्यापूर्वी करता येतो काय? शुद्धमुक्त म्हणतात, येतो, पानाचा स्रोत उघडून वाचावा. स्वयंपाकघरात टॅब्लेटवर उकडीच्या मोदकांची कृती उघडून, दोन्ही हात पिठात असलेल्या वहिनींस हा उपाय सुचवण्यात आला होता. त्यांनी कोपराने फुली दाबली. कोपराच्या बाबतीत सर्वच फुल्या अणु होत, हा सिद्धांत तेव्हापासून रूढ आहे.

प्रकरण सातवे : निरोध

निरोधाचे दोन मार्ग. पहिला वैयक्तिक : न्याहाळकास अवरोधक जोडणे. ॲडब्लॉक प्लसने २०११ साली 'स्वीकारार्ह जाहिराती' अशी सवलत काढली तेव्हा पंथात फूट पडली, आणि २०१४ साली रेमंड हिल यांचा यूब्लॉक (पुढे यूब्लॉक ओरिजिन) आल्यावर कर्मठ तिकडे गेले. गूगलने क्रोममधील विस्तारांचे नियम बदलून त्याची धार काढली, हा अलीकडचा शोकविषय. तो निघाला की जेवणास अर्धा तास उशीर धरावा.

दुसरा मार्ग गृहव्यापी. रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्यांच्या जोडाएवढ्या संगणकावर पाय-होल ही मुक्तस्रोत प्रणाली बसवून राउटरशी जोडतात. घरातील कोणतेही यंत्र नावाने पत्ता विचारू लागले की ती यादी पाहते आणि जाहिरातीच्या नावांस 'असे कोणी येथे राहत नाही' असे कळवते. तत्त्वतः निर्दोष. व्यवहारात त्याच यादीत मराठी मालिकेच्या संकेतस्थळाचे एखादे उपनाव सापडते आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईंची मालिका फिरत्या चक्रापाशी थांबते.

"अहो, ते तुमचं काय ते बंद करा. आईंचं साडेसातचं लागत नाहीये."

"जाहिराती परत येतील सगळ्या."

"येऊ देत की. त्यांना आवडतात."

येथे शास्त्राची गती कुंठित होते, कारण जाहिरात आवडणारा भोक्ता कोणत्याही संप्रदायाने गृहीत धरलेला नाही. आईंच्या मते अमेरिकेतील जाहिरातींत स्वयंपाकघरे स्वच्छ असतात.

पुण्यातील यंत्रावर मताचा प्रयोग हा याच प्रकरणाचा उपविभाग. डिसेंबरच्या रजेत मतधारक वडिलांच्या संगणकावर लिनक्स बसवतो, फायरफॉक्सची मराठी आवृत्ती चढवतो, परत येतो. उन्हाळी वेळेत साडेदहा व हिवाळी वेळेत साडेअकरा तासांचे अंतर राखून रविवारी दूरध्वनीवर विचारपूस होते. फेब्रुवारीत वडील सांगतात, "काही नाही रे, खालच्या दुकानातल्या मुलाने पूर्वीसारखं करून दिलं." कारण विचारता कळते की सोसायटीच्या नोटिसा श्री-लिपीच्या जुन्या फाँटांत आहेत, त्या नव्या प्रणालीत उघडल्या असता पाण्याच्या टाकीची सूचना मंत्रासारखी दिसत होती, आणि वडील सोसायटीचे चिटणीस आहेत. चिटणीसपद मुक्तस्रोताहून बलवत्तर, असा निर्णय येथे करावा लागतो.

प्रकरण आठवे : विपाक

मताचे फळ मिळते काय? इलिनॉय राज्याने २००८ साली नागरिकांच्या चेहऱ्याचे व बोटांचे ठसे जपणारा कायदा केला. संमतीवाचून चेहरे ओळखल्याच्या दाव्यात फेसबुकने ६५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि २०२२ साली दावा भरलेल्या इलिनॉयवासीयांच्या हाती सुमारे ३९७ डॉलरचे धनादेश पडले. ज्यांनी सत्यनारायणाचे फोटो वर्षानुवर्षे निश्चिंतपणे चढवले होते, त्या पात्रवर्गास ते मिळाले. शून्य वर्गातील आचार्यांनी गोपनीयतेच्या तत्त्वावर फेसबुकवर पाऊलच ठेवले नव्हते. त्यांना काही मिळाले नाही. या घटनेवर आचार्यांचे भाष्य आहे, ते दीर्घ आहे.

प्रकरण नववे : प्रायश्चित्त

जाहिरातीस स्पर्श झाला असता शुद्धी कशी करावी, याचा निर्णय सांगून ग्रंथ पुरा करतो. अनवधानाने स्पर्श झाल्यास त्या दिवसाच्या कुकी पुसाव्यात. उत्सुकतेने झाल्यास संपूर्ण इतिहास पुसावा आणि एक आठवडा शोधासाठी डकडकगो वापरावा. जाहिरात पाहून वस्तू मागवली व ती वाईट निघाली, तर पश्चात्ताप पुरेसा आहे. चौथी अवस्था, म्हणजे जाहिरात पाहून वस्तू मागवली आणि ती उत्तम निघाली, हिच्याविषयी चारही संप्रदायांचे ग्रंथ मौन पाळतात. प्रस्तुत लेखकाने क्षेत्रीय पाहणी केली असता शून्य वर्गाच्या आचार्यांच्या गॅरेजमध्ये बर्फ उडवणारे विजेचे यंत्र आढळले. नमुना नवा होता, बॅटरी चांगली होती आणि ते कोठे दृष्टीस पडले या प्रश्नावर आचार्यांनी ड्राइव्हवेवर बर्फ फार साचल्याचे सांगितले. तेच यंत्र अद्वैतींच्या गॅरेजमध्येही आहे.